लातूरहून दिलेला हुंकारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. पण मागच्या रविवारी माहेरी पुन्हा तोच विषय निघाला, पुन्हा माझं कौतुक झालं आणि माझं डोकं भणभणलं. स्वतःचीच इतकी चीड येते, की आता बोलायलाच हवं.

विषय आमच्या घरच्या वाचनाचा. मुदखेडला बाबांचं शिलाईचं दुकान. दुकान बंद करून ते आले, जेवणं झाली, की मुलांसाठीची एखादी जुनी कादंबरी निघायची – नांदेडच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणलेली, कव्हर फाटलेली. आई दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत बसायची, धाकटा भाऊ पालथा पडलेला, मी बाबांच्या गुडघ्याला टेकून. नियम दोन. ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा. 'हं' आला नाही तर बाबा पान उलटत नसत. आणि पुढचं कुणी आधी सांगायचं नाही. काय निवांत वाटायचं त्या आवाजात! दिवसभर घरात कितीही भांडणं झालेली असोत, एक प्रकरण झालं की सगळे सैल व्हायचे. हे खोटं नाही – एवढं तरी खोटं नाही.

मग बारावीला मी लातूरला क्लासला गेले, होस्टेलवर राहिले. बाबा म्हणाले, "वाचन तुटू द्यायचं न्हाई." रोज जेवणानंतर फोन. तिकडे तिघं, इकडे मी. हरवलेला घोडा शोधायला निघालेल्या दोन भावंडांची कादंबरी सुरू झाली.

थोडे दिवस ऐकली. नंतर – नंतर मला वीट आला. चाचणीत मार्क पडत नव्हते, फिजिक्स डोक्यात शिरत नव्हतं, आणि बाबा आपले घोड्याच्या टापांचे ठसे शोधून राहिले! मी "आज नको" म्हणाले असते तर ते रागावले असते का? मुळीच नाही. पण मला लाडकी लेकही राहायचं होतं ना. ऐकायचं नव्हतं आणि नाहीही म्हणायचं नव्हतं.

खोलीत माझ्यासोबत देवणीची महानंदा होती. अबोल पोरगी. बाबांचा फोन आला की ती अभ्यास बाजूला ठेवून कान देऊन बसायची. एके दिवशी बाबांशी दोन शब्द बोलून मी फोन सरळ तिच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं – हुंकारा दे. नुसत्या 'हं'वरून कुणाचा आवाज ओळखू येतो? त्यानंतर रोज तेच. सुरुवातीला मी, शेवटी मी, मधली सगळी कादंबरी तिची.

इथवर हसून सांगता आलं असतं. इथवरच असतं तर.

शेवटच्या प्रकरणाला महानंदा हमसून रडली. मी घाईघाईनं फोन घेतला, तर पलीकडून बाबांचा भरून आलेला आवाज, "बास बाळा, रडू नको." आणि मी काय केलं? नाक ओढलं. आवाज जड करून म्हणाले, "हाव बाबा."

फोन ठेवल्यावर महानंदानं डोळे पुसले. "एकदा सांग की त्यांना, मी ऐकून राहिले म्हणून. लई छान वाचतात म्हणावं."

केवढंसं मागणं! पण मला दिसलं ते एवढंच, की मी पकडली जाणार. मी म्हणाले, "ते काय तुझे बाबा हायेत?"

दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ती बादली घेऊन धुणं धुवायला निघून गेली. मी बाबांना सांगितलं, परीक्षा जवळ आली, आता वाचन नको. त्यांनी तिकडेही नवं पुस्तक काढलं नाही. तू आल्यावर सगळे मिळून वाचू, म्हणाले. घरातलं वाचन तिथंच थांबलं, ते माझ्यामुळे. महानंदाशी मी वर्ष संपेपर्यंत धड बोलले नाही. चूक माझी आणि तोंड फुगवून बसले मीच – याला काय म्हणायचं?

मागच्या रविवारी बाबा माझ्या लेकीला, ओवीला, तीच कादंबरी वाचून दाखवत होते. ती गप्प झाली की थांबायचे. "हुंकारा दे की. तुझी आई पार लातूरहून द्यायची. शेवटाला कशी रडली होती!" आई आणि भाऊ माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले.

ओवी माझ्याकडे वळली. "आई, घोडा सापडतो का गं?"

मला माहीत नाही. ते महानंदाला माहीत आहे.

"पुढचं आधी सांगायचं नसतं," मी म्हणाले.

बाबा खूश झाले. "बघ, नियम अजून विसरली न्हाई," म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.