लग्नानंतर तीन दिवसांनी काढलेलं लायसन्स

आमचं लग्न शनिवारी झालं आणि लग्नाचं लायसन्स काढायला आम्ही मंगळवारी गेलो. यात काही उलटं आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही. आपल्याकडे आधी लग्न लागतं, मग सवडीनं पत्रिका आणि फोटो घेऊन नोंदणी कचेरीत जायचं असतं.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या कॅरी गावातली आपली सगळी माणसं एका दिवाणखान्यात मावत. दिवाणखाना काकांचा, म्हणजे सगळेच ज्यांना काका म्हणत त्यांचा. काका मूळचे नागपूरचे, औषध कंपनीत केमिस्ट. त्यांनी बुद्धवंदना म्हटली, आम्ही पंचशील घेतलं, एकमेकांना हार घातले. मुहूर्त नाही, कन्यादान नाही. माझ्या वडिलांनी आयुष्यभर सभांच्या दारात बसून पुस्तिका विकल्या. त्यांतली लग्नावरची मला शाळेत असतानाच पाठ होती आणि लग्न तिच्याबरहुकूम झालं. शेवटी काकांनी जाड कागदावर सुवाच्य अक्षरात दाखला लिहून दिला.

माझं शिक्षण संपलं होतं. विद्यार्थिनी म्हणून राहायची मुदत महिनाअखेरीस संपत होती. पुढे राहायचं तर नवऱ्याची बायको म्हणून, आणि त्याला सरकारी दाखला हवा. नाहीतर मी नागपुरात आणि तो कॅरीत.

म्हणून काका-काकूंच्या गाडीतून आम्ही काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गेलो. खिडकीतल्या वयस्क बाईनं काकांचा दाखला दोन्ही बाजूंनी पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"लग्न कधी आहे?"

"शनिवारी झालं," मी म्हणाले.

"लायसन्स आधी काढतात, हनी. गाडीसारखं."

काकांनी मागून मराठीत विचारलं, "म्हणजे आपण विनापरवाना लग्न लावलं?" त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

बाईनं दाखल्याखालच्या सहीवर बोट ठेवलं. "हे कोण? धर्मगुरू?"

"केमिस्ट."

"मग काउंटीच्या हिशेबानं शनिवारी तुमच्याकडे पार्टी झाली."

तिनं फॉर्म सरकवले. लायसन्सला लागणारे रक्ततपासणीचे कागद आमच्याकडे होते. केमिस्ट असल्यामुळे तेवढं काकांना ठाऊक होतं. पण फॉर्मवर अविवाहित, विधुर किंवा विधवा आणि घटस्फोटित एवढ्याच चौकटी होत्या.

"विवाहित कुठे आहे?"

"विवाहिताला लायसन्स मिळत नाही. विवाहित असशील तर आधी घटस्फोटाचा कागद आण."

"म्हणजे याच्याशी लग्न करण्यासाठी मी याच्यापासून घटस्फोट घ्यायचा?"

"तसं केलेले बरेच जण इथे येतात," ती म्हणाली.

तोवर नवऱ्यानं आपला फॉर्म भरून टाकला होता. मी त्याला दंडाला धरून कॉरिडॉरमध्ये आणलं.

"तू अविवाहित लिहिलंस?"

"यार, एक टिक केली."

"शपथेवर! शनिवारी काय नाटक केलं आपण?"

"नाही."

"मग हा कागद खोटा आहे."

"आहे खोटा. आणि महिनाअखेरीस तुला विमानात बसवतील ते खरं असेल. तेव्हा मी काय करू, टाळ्या वाजवू?"

मी त्याला सांगितलं की घाबरट माणसाशी माझं लग्न झालं आहे. तो म्हणाला, काउंटीच्या मते अजून झालेलं नाही, विचार कर.

मागोमाग आलेल्या काकू हसल्या. काका हसले नाहीत. "पोरी, मी लावलेलं लग्न या लोकांना मान्य नाही, तर नसू दे. मला आहे. तुझ्या बापाला आहे. जा, टिक कर. मला दीड वाजता लॅबमध्ये पोचायचं आहे."

अशा वेळी काय करावं हे पुस्तिकेत नव्हतं. आमची लग्नं न मानणारे लोक पुस्तिका लिहिणाऱ्यांनी पुष्कळ पाहिले होते, पण त्यांतला कुणी हनी म्हणत नव्हता.

मी टिक केली. हात वर करून शपथ घेतली आणि खोटं बोलले. बाई म्हणाली, "अभिनंदन."

त्याच इमारतीत खाली लग्न लावणारे मॅजिस्ट्रेट होते. काका-काकूंना साक्षीदार म्हणून बाजूला उभं केलं. मॅजिस्ट्रेटनी मला विचारलं, या माणसाचा पती म्हणून स्वीकार करतेस का?

"शनिवारीच केला," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी आज विचारतोय."

नवरा माझ्याकडे बघत होता. कॉरिडॉरमध्ये त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. आता त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"हो," मी म्हणाले.

सगळं मिळून चार मिनिटं लागली. काकांनी साक्षीदाराच्या रेषेवर सही केली आणि पेन परत देताना मॅजिस्ट्रेटना इंग्रजीत सांगितलं, "छान लावलंत. जरा आखूड झालं."

बायको म्हणून राहण्याचा अर्ज वेळेत गेला आणि मी राहिले. ज्या कागदावर मी इथे राहते आहे तो खोट्या शपथेवर उभा आहे, हे मी त्याच आठवड्यात नवऱ्याला ऐकवलं. तो कपाट आवरत होता.

"माहीत आहे," तो म्हणाला. "फाइलमध्ये सगळ्यात वर ठेव. सारखा लागणार आहे."