नावेतून व्याह्याच्या घरी

उंब्रजहून निघताना कारभारणीनं माझ्या पिशवीत एक हिरवं लुगडं कोंबलं. "सुनेला द्या," म्हणाली. मी ते बाहेर काढलं, बाजेवर ठेवलं आणि एस.टी.त जाऊन बसलो.

आमचा थोरला शंकर थायलंडात साखर कारखान्यात फिटर आहे. तिथंच त्यानं तिथल्या एका मुलीशी लग्न केलं आणि आम्हाला पत्रानं कळवलं. पुढं त्यानं मला विमानाचं तिकीट धाडलं. तेव्हा चावडीत भावकीपुढं मी बोललो होतो, "पोराला बघून येतो. पन तिच्या बापाच्या घरी अन्नाला शिवलो तर नाव बदलीन." व्याह्याच्या पंगतीला बसलं म्हणजे सोयरीक मान्य केली, असं आपल्याकडं धरतात. मला ती मान्य नव्हती.

जोंधळ्याचं पीठ मी घरून नेलं होतं. आठ दिवस शंकरच्या घरी माझी भाकरी मीच थापली. पलटणीत असताना शिकलो होतो. सून मालि दाराशी उभी राहून बघायची. तिला मराठी चारच शब्द येत होते. मामंजी, बसा, पाणी, जेवा. पाणी तेवढं मी तिच्या हातचं घेत होतो.

नवव्या दिवशी शंकर म्हणाला, "दादा, आज तिच्या माहेरी जायचं. नावेनं. दुपारचं जेवान तिथंच हाय."

"येतो. बसतो. जेवनार न्हाई," मी म्हणालो. पहाटे उठून पाच भाकरी थापल्या, लसणाची चटणी आणि कांदा घेतला, फडक्यात गाठोडं बांधलं.

नदी अशी, की आपली सांगलीची कृष्णा तिच्यापुढं धाकटी बहीण वाटावी. तिकडं नदीला मेनाम (पाण्याची आई) म्हणतात. हे मला आवडलं. आपणही कृष्णामाईच म्हणतो. नाव लांब, काकडीसारखी निमुळती. मागं एका लांब दांड्याच्या टोकाला पंखा आणि त्याला इंजिन. आवाज आपल्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनचा, त्यामुळं मला घरच्यासारखंच वाटलं.

थोड्या वेळानं नाव एका ख्लाँगमध्ये (कालव्यात) वळली. दोन्ही अंगांना लाकडी खांबांवर उभी घरं, पायऱ्या थेट पाण्यात. पोस्टमनसुद्धा नावेतून टपाल देत होता. बायका बांबूच्या टोप्या घालून नावेतूनच केळी, नारळ विकत होत्या. एकीनं तर नावेतच चूल पेटवली होती. तेवढ्यात समोरून भाताची मोठी नाव गेली आणि तिच्या लाटेनं मी फेट्यापासून धोतरापर्यंत भिजलो. शंकर हसला.

"हसतो काय रं? बापाला आंगुळ घालायला आनलंस व्हय?"

मालि मात्र माझं गाठोडं पोटाशी धरून वाकून बसली होती. तिची पाठ चिंब झाली, फडकं कोरडं राहिलं. ते मी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

व्याही पायरीवर उभा होता. माझ्याच वयाचा, वाळका, छातीवर गोंदलेला. पायरीशी पाण्याचा रांजण. त्यानं करवंटीनं माझ्या पायांवर पाणी घातलं. इथवर सगळं आपल्यासारखंच.

आत चटई अंथरलेली, भोवती माणसं बसलेली. मी खांबाला टेकून वेगळा बसलो आणि माझं गाठोडं सोडलं. विहिणीनं पुढ्यात ताट ठेवलं. मी ते हातानं मागं सारलं. विहिणीच्या हातातली पळी तशीच राहिली. मालिचा चेहरा पांढरा पडला.

मग ती बापाशी काहीतरी बोलली. दोनच वाक्यं.

म्हातारा उठला, माझ्यापुढं गुडघे टेकून बसला, हात जोडले आणि माझं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून भिंतीवरच्या बुद्धमूर्तीपुढं फळीवर ठेवलं. उदबत्ती लावली, डोळे मिटले. नंतर माझ्या भाकरी मोडून त्यानं एकेकाला प्रसादासारखा तुकडा दिला, वर चटणीचं बोट. शेजाऱ्यालाही हाक मारून दिला. भाकरी चावताना त्यांचे जबडे दुखले असतील, पण एकानंही तुकडा टाकला नाही.

माझ्यापुढं नुसती चटई. पोटात भूक, आणि माझ्या भाकरीचा नैवेद्य दुसऱ्याच्या देवापुढं. मालिनं ताट पुन्हा आणलं.

"मामंजी, जेवा."

मी जेवलो. मोकळा, वासाचा भात. मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेला नदीतला मासा. नारळाच्या दुधातली हिरवी आमटी. आणि नाम फ्रिक (मिरची, लसूण, लिंबू कुटून केलेला त्यांचा ठेचा). त्याला सुक्या कोळंबीचा वास मारतो, पहिल्या घासाला नाक मुरडलं. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्याला मी पुन्हा भात मागितला. म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. नंतर त्यानं त्याची पोपनसाची बाग दाखवली. एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण माती हातात घेऊन चोळायची कशी हे दोघांनाही माहीत होतं.

परतताना नावेत मी शंकरला हळूच विचारलं, "ती बापाला काय बोलली रं?"

तो पाण्याकडं बघत राहिला. "म्हनली, माझ्या सासऱ्यानं तुमच्या देवासाठी पहाटं उठून सोताच्या हातानं भाकरी केल्यात. आधी व्याह्याच्या घरची मंडळी खातील, मगच ते खानार, असा त्यांचा रिवाज हाय."

तिनं बापापुढं माझी लाज राखली होती, आणि माझ्यापुढं बापाची. उतरताना एवढंच म्हणालो, "तिला सांग, उद्यापास्नं भाकरी तिनं थापायची. मी दावतो."

उंब्रजला आलो तेव्हा चावडीत चुलतभाऊ टपलेलाच होता. "काय गड्या, जेवलास का न्हाई?"

"जेवलो. दोनदा भात घेतला. व्याह्यानं माझी भाकरी देवापुढं ठिवली. तुमी कवा ठिवली हुती का? आता मला कुठल्या नावानं हाक मारायची ते ठरवा."

घरी आलो तर बाजेवर लुगडं नव्हतं. कारभारणीनं काही न विचारता ट्रंकेतून काढून दिलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन पोस्टात गेलो. पत्ता मास्तरांनी इंग्रजीत लिहिला. सुनेचं नाव मात्र मी माझ्या हातानं मराठीत लिहिलं. चौथीपर्यंतच शिकलोय, वेळ लागला. पण 'सौ. मालि' लिहून पुढं शंकरचं नाव घातलं, आणि आडनाव आमचं लावलं.