कापूरहोळ ते वेल्हे, एका पारडासह

दिवाळीची सुट्टी लागली आणि आमची जीप कात्रजच्या घाटाला लागली. जीप मूळची लष्कराची. लिलावातून निघून तीन-चार घरं फिरली आणि कोणालाच नकोशी झाली, तेव्हा ह्यांनी ती हौसेने आणली. वर कापडी छप्पर, दारं मुळीच नाहीत, आणि मागच्या बाजूला पेट्रोलचा जास्तीचा डबा सुतळीने बांधलेला. शाळेतल्या मैत्रिणींनी मला विचारलं होतं, "परत कशाने येणार?" त्यांच्या थट्टेत काळजीही होतीच.

पहिला मुक्काम भोरला झाला. भातकापणी चालू होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या पेंढ्याचा गोडसर वास भरून राहिला होता. दुपारी आंबवड्याला गेलो. तिथे ओढ्यावर झुलता पूल आहे आणि पलीकडे दाट झाडीत महादेवाचं देऊळ. हे पुलाच्या मध्यावर जाऊन मुद्दाम उड्या मारू लागले. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं मी कठडा गच्च धरून ओरडून सांगितलं. पुजारीबुवा हसत म्हणाले, "बाई, पूल न्हाई पडायचा. सायबच दमत्याल." आणि झालंही तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोर सोडून पुन्हा कापूरहोळला आलो. तिथून उत्तरेला नसरापूर आणि मग पश्चिमेला डोंगरात शिरून वेल्हे, असा बेत होता. मला तोरणा जवळून पाहायचा होता. फाट्यावर अमीनचाचांचं चहाचं दुकान आहे. चहा होईपर्यंत त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली.

"कुठं निघाला?"

"वेल्ह्याला."

"मग आमच्या ठकूबाईला घ्या की मागं. येष्टीवाला तिला घेतो म्हनतो, पर तिच्या पाव्हण्याला न्हाई घेत."

पाहुणा बाकाखाली बसला होता. काळंभोर, ओल्या नाकाचं, मळकट गोणपाटात गुंडाळलेलं पारडू (म्हशीचं पिल्लू). चाचांनी त्याला बशीने शेळीचं दूध पाजलं होतं. त्याच्याजवळ बसलेली ठकूबाई तिशीची, वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातली. ह्यांनी मान डोलावली आणि माझ्या होल्डॉलशेजारी पारडाची बैठक झाली.

नसरापूर सोडून जीप डोंगरात शिरली आणि ठकूबाई हळूहळू बोलती झाली. तिच्या म्हशीचं पारडू परवा दगावलं होतं. तेव्हापासून म्हैस पान्हा चोरत होती, म्हणजे दूध खाली सोडतच नव्हती. आणि इकडे भोरजवळ तिच्या माहेरी भावाची म्हैस साप चावून मेली. तिचं हे पारडू मागे राहिलं.

"ह्याला आई न्हाई, तिला लेकरू न्हाई," ठकूबाई म्हणाली. "म्या म्हटलं, दोघांची गाठ घालून द्यावी."

"आणि म्हशीने नाही घेतलं तर?"

"तर म्हस आटली. दुसरं दुभतं न्हाई आमाला. धनी म्हंत्यात, पानशेतला धरणाचं काम चाललंय, वाडा मोडून तिकडं माती वाहायला जाऊ." तिने पारडावरचं गोणपाट नीट केलं. "मला न्हाई जायाचं, बाई."

मग हे मळकं गोणपाट कशाला, असं मी विचारलं. ते मेलेल्या पारडाच्या अंगाखालचं होतं. त्याचा वास ह्या पारडाच्या अंगाला लागला की म्हैस फसेल, म्हणून तिने ते वेल्ह्याहून माहेरी नेलं होतं आणि काल रात्रभर पारडाला त्यातच निजवलं होतं. आईला अशा वेळी फसवावं की नाही, ह्यावर हे काहीतरी तात्त्विक बोलणार होते. तेवढ्यात पुढचं चाक पंक्चर झालं.

चाक बदलेपर्यंत आम्ही आंब्याखाली भाकरी आणि लसणीची चटणी खाल्ली. समोर नदी, पिवळी पडत चाललेली गवतं, आणि त्यांच्या मागे तोरणा. पारडू माझा पदर चोखत होतं. इतकं छान वाटत होतं की मी पंक्चरला मनातल्या मनात दुवा दिला.

तो दुवा फार घाईचा ठरला. वेल्ह्याच्या अलीकडे ओढा आडवा येतो. जीपने त्यात अशी उसळी मारली की सुतळी तुटून मागचा डबा कलंडला, झाकण उडालं, आणि शेर-दोन शेर पेट्रोल थेट गोणपाटावर ओतलं गेलं. पारडू शिंकलं. ठकूबाईने गोणपाट नाकाशी नेलं आणि खाली ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

वेल्ह्यात जीप चावडीपाशी उभी केली. ह्यांनी पारडू खांद्यावर घेतलं आणि डोंगर चढायला लागले. वाटेत पारडाने त्यांचा शर्ट ओला केला. ते चढतच राहिले.

धनगरवाड्यात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. ठकूबाईच्या सासूबाईंनी घोंगडं अंथरलं आणि कोरा चहा पुढे ठेवला. "गवळ्याच्या घरी कोरा च्या," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. आत म्हैस एकसारखी रेकत होती.

ठकूबाईने पारडू तिच्यापुढे धरलं. म्हशीने नाक पुढे केलं, फुरफुरली आणि अशी लाथ झाडली की पारडू भिंतीशी जाऊन पडलं.

सासूबाई ओरडल्या, "रॉकेलात बुडवलंस व्हय गं ह्याला?"

तोरणा पाहायच्या हौसेपायी आम्ही ठकूबाईचं घर मोडायला आलो की काय!

ठकूबाईने गोणपाट बाहेर भिरकावलं. पेंढ्याच्या चुंबळीने तिने पारडू खसाखसा पुसलं. मग म्हशीच्या पायांखालची, तिच्याच मुताने भिजलेली माती घेऊन त्याला मानेपासून शेपटीपर्यंत चोळली आणि म्हशीने चाटावं म्हणून वरून खडेमीठ लावलं. सासूबाई आम्हाला म्हणाल्या, "आता तुमी भाईर बसा. पाठ करून. परकं मानूस बघत असलं की ती सोडत न्हाई."

आम्ही अंगणात गोठ्याकडे पाठ करून बसलो. समोर तोरणा तांबूस होत होता. मी आयुष्यात कुठलाही डोंगर इतका वेळ पाहिलेला नाही, आणि इतका कमीही पाहिलेला नाही, कारण माझं सगळं लक्ष कानात होतं. फुरफुर झाली. खुरांचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. ह्यांनी माझा हात धरला. आणि मग खरखर ऐकू आली, जाड जीभ अंगावरून फिरल्याची. एकदा, पुन्हा, मग सारखी. त्यामागून चुटूचुटू दूध ओढल्याचा आवाज. मग तांब्याच्या चरवीत धार वाजली.

"आत्याबाई!" ठकूबाईने आतून सासूला हाक मारली. "घेतलं तिनं! घेतलं!"

मला रडूच आलं. ह्यांनी चष्मा पुसायला काढला आणि ओल्या शर्टाने आणखी मळवला.

रात्री तिथेच निजलो. सकाळी दुधाचा चहा आला. सायीचा एवढासा तुकडा दिसला तरी चहा पुन्हा गाळायला लावणारे आमचे हे, सायीसकट पेला संपवून आणखी मागते झाले. निघताना सासूबाईंनी विचारलं, "किल्ला बघितला का नीट?" मी हो म्हटलं.

पुण्यात आल्यावर मैत्रिणी जीप पाहायला आल्या आणि नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या. मागच्या बाजूला पेट्रोल, मूत आणि मळकं गोणपाट ह्यांचा मिळून एक वास बसला होता. पुन्हा कधी त्या बाजूला जाणं होईल, ठाऊक नाही. पण तिकडे एक वाडा मोडला नाही, एवढं ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी ह्यांनी जीप धुवायला बादली भरून आणली. मी ती उचलली आणि तुळशीला ओतली.