तळवाली

आमच्या कारखान्यात बॅगांना आणि कपड्यांना लावायच्या चेन बनतात. खोकी भरायचं काम माझं, आणि भरलेल्या खोक्यातून पाच चेन काढून तपासायचं काम तिचं. प्रत्येक चेन पन्नास वेळा उघडायची, पन्नास वेळा लावायची. एकही अडकली नाही तर खोक्यावर शिक्का. तिच्या आधीचा तपासणीस वरच्या वर पाच उचलायचा. त्यामुळे आम्ही भरणाऱ्या बायका चांगला माल वर ठेवायचो आणि रुसलेला माल खाली. ही लबाडी आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. आम्ही त्याला 'मांडणी' म्हणायचो.

ती कामाला लागली त्याच आठवड्यात तिने माझ्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळातल्या पाच चेन काढल्या. तीन अडकल्या. तेही सगळ्यांसमोर. मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोलले. दुपारी डबा खायला ती नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसली.

"मावशी, मांडणी शिकवाल मला?"

"कशाला? तुला कुठे खोकी भरायचीत?"

"तुम्ही काय कुठे ठेवता ते कळलं, की हात कुठे घालायचा ते मला कळेल."

निर्लज्जपणा म्हणावा तर असा. पण मी शिकवली. तेव्हापासून तिचं नाव 'तळवाली' पडलं, आणि तिला ते आवडायचं.

आमच्या साहेबांच्या डोक्याला मात्र ती ताप होती. "खोक्यातून पाचच चेन का काढायच्या? सहा का नाहीत?" ती विचारायची. साहेब म्हणायचे, पहिल्यापासून पाचच आहेत. असल्या उत्तरावर गप्प बसेल ती तळवाली कसली! टपालाने पुस्तकं मागवून, शिफ्ट संपल्यावर अभ्यास करून तिने संख्याशास्त्राची पदवी घेतली. मधे एकदा गणितात नापास झाली, आठ दिवस कोणाशी बोलली नाही, आणि मग पुन्हा बसून पास झाली. पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी अर्ज केला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. दोन संस्थांनी तिला घेतलं. एक मोठी, जिचं नाव घेतलं की लोक मान डोलावतात. दुसरी लहान, जिचं नाव सांगितलं की "कुठे आली ही?" असं विचारतात. शुक्रवारपर्यंत एकीला होकार कळवायचा होता, नाहीतर दोन्ही जागा हातच्या जाणार. नोकरी तर सोडावीच लागणार होती, म्हणजे चुकलं तर परतायला जागा नाही.

तिच्या दादाचं औषधांचं दुकान आहे. वडिलांच्या मागे त्यानेच तिला वाढवलं, म्हणून घरात त्याचा शब्द शेवटचा. त्याने बसून एक तक्ता केला. इमारत, ग्रंथालय, नाव, नोकरीची संधी, प्रत्येकाला दहापैकी गुण. मोठी संस्था भरघोस गुणांनी पहिली आली. यातली एकही इमारत त्याने आतून पाहिली नव्हती. ती तक्ता कारखान्यात घेऊन आली, मला दाखवला आणि म्हणाली, "आमच्या दादालासुद्धा मांडणी छान जमते."

मोठ्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की त्यांच्या शंभरातल्या त्र्याण्णव विद्यार्थ्यांना नोकरी लागते. चहाच्या सुट्टीत तिने तिथे फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"हे शंभर म्हणजे प्रवेश घेतलेले शंभर का?"

"नाही, शेवटपर्यंत टिकलेले," पलीकडचा कारकून म्हणाला. "आणि आमच्या पत्राला उत्तर पाठवलेले."

"आणि मधेच सोडून गेलेले?"

"ते आमचे विद्यार्थी राहत नाहीत, मॅडम."

तिने फोन ठेवला. मला त्या माणसाचा राग आला होता. तिला नव्हता आला. तिला फक्त उत्तर मिळालं होतं.

लहान संस्थेत फोन तिथल्या मुख्य बाईंनीच उचलला. त्यांनी सांगितलं की मागच्या तुकडीत अकरा जण आले, सात जणांनी पूर्ण केलं, चौघे गेले. एकाची आई आजारी पडली, एकीला चांगली नोकरी मिळाली. "आणि दोघे माझ्यामुळे गेले. पहिला पेपर मी फार घाईत शिकवला. आता बदललाय."

"त्या दोघांशी मला बोलता येईल का?"

"त्यांना विचारते. हो म्हणाले तर नंबर देते."

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाचा आपणहून फोन आला. ती त्याच्याशी अर्धा तास बोलत होती आणि मी तिच्या वाटणीचा चहा पिऊन टाकला. तो म्हणाला, पहिल्या सत्रात मी बुडालो. खोलीत सहा संगणक आहेत, त्यातले दोन नुसते शोभेला. पण पहिल्याच महिन्यात दवाखान्यांत, कारखान्यांत नेऊन स्वतःच्या हाताने मोजायला लावतात, आणि बाई समजेपर्यंत सोडत नाहीत. मीच धीर सोडला.

शुक्रवारी संध्याकाळी तिने मला घरी बोलावलं. सोबतीला म्हणाली, पण मला माहीत होतं, साक्षीदार हवा होता. दादा तक्ता पुढ्यात घेऊनच बसला होता.

"ज्या संस्थेतून अकरातले चौघे पळाले, तिथे तू जाणार? त्या बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावरही?"

"सांगितलं म्हणूनच."

"लोक हसतील मला. मोठ्या ठिकाणी मिळालेली जागा कोणी सोडतं का?"

"मी सोडतेय, दादा."

त्याचा आवाज खाली आला. तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि ते मला उशिरा कळलं. "गणितात तू एकदा नापास झालीयस. नोकरीही सोडतेयस. उद्या त्या चौघांमागची पाचवी झालीस तर?"

तळवालीने तक्ता त्याच्याकडे सरकवला.

"झाले तर तिथे पाच असं लिहितील. मोठ्या संस्थेत मी बुडाले, तर मी तिथे कधी आलेच नव्हते असं होईल. मला बुडण्याची भीती वाटते, दादा. खूप वाटते. पण बुडाले तरी त्यांनी मला मोजायला हवं."

तिने तिथेच बसून लहान संस्थेला होकार कळवला.

ती गेली आणि नवा तपासणीस आला. भला माणूस आहे, पण वरच्या वर पाच उचलतो. पहिल्या दिवशी साहेब शेजारी उभे असताना मी माझं भरलेलं खोकं उचललं आणि त्याच्या टेबलावर सरळ उपडं केलं. साहेब म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "आता घ्या कुठल्याही पाच." शेजारच्या दोघी माझ्यावर अजून फुगून आहेत.

मागच्या महिन्यात लहान संस्थेची नवी माहितीपुस्तिका तिने मला टपालाने पाठवली. शेवटच्या पानावर छापलं होतं: बारा आले, अकरा पहिला पेपर पास, एक नापास, पुन्हा बसणार. त्या 'एक'भोवती पेन्सिलीने गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, "ही मी."

ते पान मी खोकी भरायच्या टेबलासमोर भिंतीवर लावलं. दादा एकदा मला भेटायला म्हणून कारखान्यात आला आणि ते पाहून ओशाळला. "काढा ना ते, मावशी. नापास झाल्याचं काय मिरवायचं?"

मी त्याला सांगितलं की ते पान तिथेच राहील, आणि तिच्या पुढच्या निकालाचं पान त्याच्याच खाली लागेल.