ह्याची माती व्हती का?

हे सांगायला मी फार उशीर केला. वलवणच्या एका म्हाताऱ्या बाईच्या उकिरड्यात मी वर्षभर प्लास्टिक टाकलं. तेही तिलाच पर्यावरण समजावून सांगत.

तुमच्यापैकी कुणी धरणाकडे भटकलं असेल, तर त्याने या मावशींना पाहिलं असेल. डोक्यावर पळसाच्या द्रोणांची पाटी, चाल झपाझप. कुठलीही नवी वस्तू हातात आली की मावशी आधी ती उलटी करायच्या, नखाने खरवडायच्या आणि विचारायच्या, "ह्याची माती व्हती का?" माझ्या नव्या चपलांना त्यांनी हाच प्रश्न विचारला, सुनेच्या मोबाइलच्या कव्हरलाही. मतं मागायला आलेल्या एका पुढाऱ्याचं पत्रक खरवडून म्हणाल्या होत्या, "कागदाची व्हईल. तुमच्या बोलन्याची न्हाई."

माझं तिथे मक्याचं आणि भज्यांचं दुकान आहे. आमचा रिवाज ठरलेला होता. सकाळी मावशींनी द्रोण द्यायचे. संध्याकाळी मक्याची सालं, उष्टं आणि वापरलेले द्रोण मी त्यांच्या उकिरड्यात नेऊन टाकायचे. उन्हाळ्यात ते खत होऊन त्यांच्या भातखाचरात जायचं.

मग पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं विचारू लागली, "भैया, इको-फ्रेंडली है ना?" एका व्यापाऱ्याने मला कागदी वाट्या दाखवल्या. खोक्यावर हिरवं पान छापलेलं होतं. गिऱ्हाइकाला खोकं दिसत नाही, म्हणून मी तळेगावात तसलेच चकचकीत स्टिकर छापून घेतले आणि प्रत्येक वाटीला स्वतःच्या हाताने चिकटवले. लोक त्या पानाचे फोटो काढायचे. दोन वाट्या जास्त घ्यायचे. त्यांना बरं वाटायचं, मलाही.

"मावशी, आता द्रोण नकोत," मी म्हणालो. "ह्या वाट्यांना प्रमाणपत्र आहे." ते प्रमाणपत्र मी कधी पाहिलं नव्हतं.

मावशींनी वाटी उलटी केली. "पान कंच्या झाडाचं?"

"झाडाचं नाही हो. माती होते, याची खूण आहे ती."

"केली कुनी खून?"

"कंपनीनं."

"म्हंजी वाटीबी तिचीच आन शाबासकीबी तिचीच!"

मी हसलो नाही. कर्ब, प्रदूषण, विघटन, जे जे वाचलं होतं ते सगळं त्यांना ऐकवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, वाटी पुन्हा एकदा खरवडली.

"उकिरड्यात टाकू ना वापरलेल्या? खतच होईल," मी म्हणालो.

"तू शिकलेला. तू म्हंतोस तर टाक, दादा."

द्रोणांची भरलेली पाटी त्यांनी परत डोक्यावर घेतली. आठवड्याभरात शेजारच्या दुकानदारांनीही माझं पाहून वाट्या आणल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या सुनेने मला खाचरावर बोलावून नेलं. खत पसरून झालं होतं. वाट्यांचा कागद कुजून गेला होता. आतला प्लास्टिकचा पातळ थर मात्र कांद्याच्या सालीसारखा खाचरभर चिकटला होता आणि त्यात जागोजागी माझी हिरवी पानं, तशीच चकचकीत. मावशींनी एक उचलून पदराला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"दादा, तुजं पान लय टिकाऊ हाय."

आवाजात राग नव्हता. मी म्हणालो, "कंपनीनं फसवलं मला." हे अर्धंच खरं होतं, स्टिकर माझे होते. आणि दुकानात अजून सहा खोकी शिल्लक होती. ती मी विकली. पान लावून विकली. दुकानातून खाचर दिसायचं. पाऊस येईपर्यंत त्या दोघी सासूसुना तिथे उकिडव्या बसून ते तुकडे वेचत होत्या. गावात कुणी विचारलं तर मावशी म्हणायच्या, "पावन्यांचा कचरा उडून आला." माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं, तर मी भांडून मोकळा झालो असतो.

दिवाळीनंतर चिक्कीचा पुडा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मावशींनी पुडा उलटा केला, प्लास्टिक खरवडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"चिक्की गोड आसंल. बोल, कशापायी आलास?"

"मावशी, चुकलं माझं."

"ते मला कशाला सांगतो? मला त्या दिशीच नखाला समजलं व्हतं. तू म्हन्लास म्हून गप ऱ्हायले, ती माजी चूक. ज्यान्ला पान दावलंस, त्यान्ला सांग की."

आणि आत जाऊन त्यांनी चहा ठेवायला सांगितला.

मला आणखी दोन महिने धीर झाला नाही. आता गुडघ्यांमुळे मावशी धरणापर्यंत येत नाहीत. मी पुन्हा द्रोणच घेतो, पाटी सून आणते. पाटी टेकवायची मावशींची कोपऱ्यातली फरशी मी मोकळीच ठेवली आहे. तिच्याशेजारी एक लाकडी फळा उभा केला आहे. फ्लेक्स करणार होतो, पण मावशींचं नख आठवलं. रोज सकाळी दुकान उघडलं की मी खडूने त्यावर लिहितो:

"या दुकानात वर्षभर हिरव्या पानाच्या वाट्या विकल्या. त्यांची माती होते, असं मी सांगितलं. होत नाही. ते पान मीच चिकटवलं होतं. कळल्यावरही सहा खोकी विकली. मला माफ करा."