ताटावरून उठलेला माणूस

सकाळी साडेसहाला मी मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून उभा करते आणि जेरुसलेमच्या मंदिरात बोकड कसा कापायचा ते शिकते. ते मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली. तरी आमच्या धर्मकायद्याच्या जुन्या ग्रंथात त्याचे नियम जसेच्या तसे आहेत. रोज एक पान वाचायचं, जगभर त्या दिवशी तेच पान, असं साडेसात वर्षं चालतं. भाद्रपदात त्यातला बळी अर्पण करण्याचा भाग लागला तेव्हा मी शिरले.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळ कोकणातले. बाबा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होऊन धुळ्याला आले आणि तिथलेच झाले. मी जळगावला कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार पिंजऱ्यात काय बोलतो ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं, एवढंच काम. आता निवृत्त आहे, एकटी राहते, आणि शेजारच्या अक्का दुधाची पिशवी द्यायला येतात तेव्हा दारातच उभ्या राहून ऐकतात.

"बाई, सकाय-सकाय कोनं भाषण ऐकी ऱ्हायनी?" त्यांनी पहिल्या आठवड्यात विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पदराने चष्मा पुसला. "देऊळ पडी गयं, बोकड नई, मंग बठ्ठा नियम कसाले पाठ करी ऱ्हायनी?"

अक्कांशी खोटं बोलण्यात अर्थ नसतो. मी म्हटलं, हे जे शिकवताहेत ना, त्या माणसाला एकदा सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचंय. अक्कांचा चेहरा खुलला. त्या आत आल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. मी चौदा वर्षांची होते आणि मोठ्या बहिणीला बघायला ठाण्याहून पाहुणे येणार होते. आमच्यात कोंबडी कोणीही, कशीही कापून चालत नाही. त्याचं रीतसर शिक्षण लागतं. ठाण्या-मुंबईकडे प्रार्थनालयात प्रार्थना चालवणारे हज्जान ते करतात, धुळ्यात हज्जान कुठून आणणार? बाबा त्यांच्या मामांकडून शिकलेले होते, घरापुरतं तेच कापायचे. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी जॅक घसरून त्यांची उजव्या हाताची बोटं चेचली. मुलगा नव्हता. मी मात्र दोन वर्षं त्यांच्या मागेमागे करून सगळं शिकून घेतलं होतं. सुरीची धार नखावरून फिरवून दातरा लागतो का बघायचं, आशीर्वाद म्हणायचा, एका ओढीत कापायचं, रक्तावर माती टाकायची. त्या सकाळी बाबांनी सुरी माझ्या हातात दिली. "घाई करू नकोस," एवढंच म्हणाले. मी दोन कोंबड्या कापल्या. बाबा शेजारी उभे राहून बघत होते, आणि शेवटी त्यांनी डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं.

आईने नारळाच्या दुधात रस्सा केला. पाहुणे पाच जण होते. त्यांतला नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ शिकलेला, धर्माचं जाणणारा, सगळे त्याच्याकडे बघूनच मान हलवायचे. त्याने घास मोडला आणि विचारलं, "कोंबडी कोणी कापली?"

बाबांना "मी" म्हणता आलं असतं. हाताला बँडेज होतं, पण कोण तपासणार होतं? ते म्हणाले, "धाकटीने. माझा हात असा झालाय. मी जवळ उभा होतो."

त्याने हात ताटातून काढून घेतला. "बाईमाणसाच्या हातचं कापलेलं आमच्यात चालत नाही," म्हणाला आणि उठला. मग बाकीचे चौघे उठले. आई वाढायला रस्सा घेऊन येत होती, ती दारातच उभी राहिली.

सोयरीक मोडली. बहिणीचं पुढे चांगल्या घरी झालं, तिचा यात काही प्रश्न नाही. प्रश्न बाबांचा आहे. ठाणे, पनवेल, अलिबागपर्यंत बोभाटा झाला की धुळ्यात त्या घरी बाटलेलं खातात. बाबांनी पुन्हा सुरी धरली नाही. मांससुद्धा सोडलं, ते मरेपर्यंत, सव्वीस वर्षं. नातेवाइकांच्या लग्नात पंगतीच्या टोकाला बसून वरणभात खायचे आणि लवकर उठायचे. आपण पोरीच्या हातून पाप करवलं असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते.

ताटावरून उठलेला तो थोरला भाऊ आता चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे आणि रोज सकाळी मोबाईलवरून मराठीत पान शिकवतो. चाळीसेक जण जमतात. माझ्या आतेबहिणीने सहज लिंक पाठवली आणि पहिल्याच वाक्याला मी आवाज ओळखला. नाव नंतर पडद्यावर वाचलं, तेच होतं. त्याच दुपारी मी इंग्रजी भाषांतर मिळवून पुढची पानं वाचत सुटले, आणि एकतिसाव्या पानावर मला हवं ते सापडलं. मंदिरातल्या बळीवर सुरी चालवायला पुरोहितच लागतो असं नाही. बाईने चालवली तरी चालते. साध्यासुध्या नाही, सगळ्यांत पवित्र बळीवरसुद्धा. मी ते तीनदा वाचलं आणि मग घरात एकटीच मोठ्याने शिवी दिली.

त्यांनी ते पान शिकवायला अजून एक महिना होता. चौतीस वर्षं कोर्टात बसलेल्या बाईला महिना म्हणजे काहीच नाही. कॅमेरा बंद ठेवला. नावाच्या जागी फक्त "जळगाव" लिहिलं. ते मला जळगावच म्हणायचे. "जळगाव, काही शंका?" मी म्हणायची, "नाही काका, चालू द्या."

शिकवायचे छान. हे लिहिताना मला दात-ओठ खावे लागतात, पण खरं ते खरं. कोणी बसून सेवा केली तर बळी बाद. रक्त डाव्या हाताने झेललं तर बाद. दुसऱ्याच्या पायावर उभं राहून केलं तर बाद. यावर अक्का इतक्या हसल्या की मला आवाज बंद करावा लागला. "दुसराना पायवर कोन उभा ऱ्हास?" आणि सगळं हातांनी बिनचूक केलं, पण कापताना मनात भलताच विचार आला, तर तेवढ्यानेही बाद. काका म्हणाले, हात काय करतो ते दिसतं, मन काय करतं ते दिसत नाही, म्हणून कायदा मनाला जास्त घाबरतो. मी ते लघुलिपीत उतरवून घेतलं. माझ्या स्वतःच्या मनात काय होतं ते मला माहीत होतंच, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

एकतिसावं पान दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आलं. अक्कांकडे चिवड्याची फोडणी चालली होती, तरी त्या गॅस बंद करून आल्या. काकांनी नियम वाचला, समजावला, आणि नेहमीसारखं विचारलं, "जळगाव, काही शंका?"

"आहे," मी म्हटलं. साक्षीदाराची आधी सगळी दारं बंद करायची असतात, मगच प्रश्न टाकायचा. "मंदिरात बाईने कापलेलं चालतं, मग घरी साधी कोंबडी बाईने कापली तर?"

"अर्थात चालते."

"पण रिवाज?"

"रिवाज नाही. बायकांनी कापू नये असं पुढे ठरवलं गेलं. पण कापलीच, आणि नीट कापली, तर ती खायची. बाद होत नाही."

"म्हणजे ताटावरून उठण्यासारखं काही नाही?"

ते हसले. "छे. असा कोणी उठला तर तो अडाणी म्हणायचा."

मी कॅमेरा चालू केला. चाळीस जणांना एक पिकल्या केसांची बाई दिसली असेल, आणि मागे पदर खोचलेल्या अक्का. मी म्हटलं, "काका, ते तुम्ही होतात. धुळे, देवपूर. कोंबड्या मी कापल्या होत्या." आणि बाबांची सव्वीस वर्षं सांगितली, वरणभातासकट. आवाज चढवला नाही. असं सांगताना आवाज चढवायचा नसतो, हे मी चांगल्या वकिलांकडून शिकले आहे.

मला वाटलं, काका आता म्हणतील आठवत नाही. किंवा म्हणतील, तेव्हा माझा अभ्यास कमी होता. दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

ते म्हणाले, "मला तेव्हाही माहीत होतं."

कोणीतरी खोकलं. ते पुढे बोलत राहिले. भावासाठी ठाण्यातलीच मुलगी आधी पक्की झाली होती. धुळ्याचा शब्द दिलेला होता म्हणून यावं लागलं. नाही म्हणायला काहीतरी कारण हवं होतं. "तुमच्या वडिलांनी खरं सांगितलं, त्यामुळे ते सोपं गेलं."

मी मोबाईल पालथा घातला. अज्ञान गृहीत धरून मी महिनाभर धार लावत बसले होते आणि समोर अज्ञान नव्हतंच. चुकीने कोणी बाबांना बाटलेलं ठरवलं असतं तर एक वेळ गिळलं असतं. हा माणूस कायदा पुरता जाणून उठला होता. बाबांनी घरात पाप झालं म्हणून सव्वीस वर्षं जीभ मारली, आणि पाप झालं होतं ते फक्त त्या माणसाच्या मनात. मी त्या दिवशी जेवले नाही. अक्का चिवडा ठेवून गेल्या, तो तसाच राहिला.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. माफी मागू लागले. मी म्हटलं, माझ्याकडे मागू नका, ज्याचं आहे त्याच्याकडे मागा. ज्याच्यावर अन्याय केला तो मेला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी उभं राहायचं आणि काय केलं ते मोठ्याने सांगायचं, हा कायदाही त्यांनीच कधीतरी शिकवला असणार.

"माझं वय झालंय," ते म्हणाले.

"बाबांना तर हलताच येत नाही. तुम्हालाच यावं लागेल."

थंडीत आले. ठाण्याहून रेल्वेने चाळीसगाव, तिथून दोन गाड्या करून धुळे. ख्रिस्ती कब्रस्तानाच्या एका कोपऱ्यात आमच्या तीन कबरी आहेत, त्यांत बाबांची. मी अक्कांना घेऊन आधीच जाऊन थांबले होते. "माले भी येनं शे, त्या माणूसनं तोंड पाहनं शे," असं त्या म्हणाल्या होत्या. तोंड बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. काठी टेकत एक वाकलेला म्हातारा आला, श्वास लागलेला, मफलर गळ्यात अर्धा सुटलेला. त्याच्या मागे माणसं. मी सवयीने मोजली. नऊ.

दहाव्याला गाडीत उलट्या सुरू झाल्या, त्याला चाळीसगावला लॉजवर ठेवून आले होते. काकांनीही मोजलं. माफी मागणारा स्वतः त्या दहात धरत नाहीत. धुळ्यात आता दुसरा यहुदी पुरुष नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी कबरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू उभी राहा," म्हणाले. "दहावी तू. मी सांगतो, चालेल."

हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकायला थांबले होते असं म्हटलं तरी चालेल. त्याच तोंडून, माझ्याबद्दल, चालेल. मी म्हटलं, "नाही काका. बायकांना दहात मोजत नाहीत. रिवाज नाही."

एका माणसाने मध्ये पडून म्हटलं, जाऊ द्या ताई, लांबून आलेत. मी म्हटलं, दहा जण घेऊन पुन्हा या. अक्का माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "बाई, आते काय पाहिजे तुले?" कबरीपाशी कोणी काही बोललं नाही. नऊ माणसं आणि तो म्हातारा फाटकातून बाहेर गेले, गाड्या निघाल्या, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी अक्कांना स्टँडवर रसवंतीत नेऊन रस पाजला.

माघात काकांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता पान दुसरा कोणी शिकवतो, कंटाळवाणं शिकवतो, पण मी चुकवत नाही. जे बाबांच्या कबरीपाशी बोललं जायचं होतं ते आता कधीच बोललं जाणार नाही, आणि ते थांबवलं ते मी.

माझा राग गेलेला नाही. त्या माणसाची मला दया येत नाही, आणि आली असती तरी मी ती लपवली असती. पण बाबांनी स्वतःच्या जागी मला उभं केलं होतं, आणि कोणी विचारल्यावर खोटं न बोलता माझं नाव घेतलं होतं. ही चालत नाही, असं त्यांच्यादेखत दुसऱ्यांदा म्हटलं गेलं, ते त्यांच्या कबरीपाशी, माझ्याच तोंडून. बाबांनी मला मोजलं असतं.