जायफळाचे वेढे

कॉफीनं झोप उडते, असं सगळे म्हणतात. आमच्या घरी कॉफी झोपण्यासाठी प्यायचे, आणि यात काही वेगळं आहे हे मला थेट लग्न झाल्यावर कळलं. सासरच्या पहिल्याच रविवारी जेवणानंतर मी सगळ्यांना मोठ्या हौसेनं कॉफी दिली आणि सासूबाईंपुढे उशी नेऊन ठेवली. त्यांनी उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीकडे निघून गेल्या. आता मी स्वतः सासूबाईंच्या वयाची झाले आहे, तेव्हा उशीमागची ती गोष्ट सांगायला हरकत नाही.

आम्ही सक्करदऱ्याला राहायचो. दोन खोल्या, मागे ओसरी. कॉफीचा डबा आई दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी उघडायची. त्याआधी नाही. उन्हाळ्यात नागपुरात जायफळ पोटात घालणं म्हणजे वेडेपणा, आणि पावसाळ्यात त्या पुडीचा डब्यात दगड व्हायचा. दसरा झाला, हवेतला ओलावा गेला, की सीताबर्डीवरून चिकोरी घातलेली नवी पूड यायची. दुधात थोडं पाणी, साखर, सालासकट ठेचलेली वेलची, चिमूटभर सुंठ. उकळी फुटली की पूड टाकून पातेलं खाली, वर झाकण. आणि मग आई सहाण घेऊन बसायची.

बाकीच्या बायका जायफळ किसतात. आई ते उगाळायची, बाळाच्या गुटीसाठी उगाळतात तसं, सहाणेवर दोन थेंब पाणी टाकून, गोल गोल. एक फेरा म्हणजे एक वेढा. माझ्या गुटीच्या वेळी हात बसला होता, तो तिनं पुढे बदलला नाही. वेढे किती, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी त्या वयात आरशासमोर असायची. बाबा बाहेरच्या खोलीत खाटेवर आडवे झालेले असायचे. कॉफी पिऊन ते जे झोपायचे, ते दिवेलागणीलाच उठायचे. जायफळाचा गुण, असं सगळे म्हणायचे.

आई गेली वैशाखात. मी अठरा वर्षांची होते.

बाबांची झोप तिच्याबरोबर गेली. आधी वाटलं, सुतकाच्या दिवसांमुळे असेल. मग पावसाळा गेला, तरी ते तसेच. बाबा एका छापखान्यात खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं एकेक उचलून ओळ लावायची, हे काम तारवटलेल्या डोळ्यांचं नाही. दसऱ्यानंतर तुळशीच्या लग्नापुढच्या मुहूर्तांच्या पत्रिका छापायला यायच्या. त्यातल्या एका पत्रिकेत बाबांनी नवरीच्या आजोबांच्या नावामागे ‘कै.’ लावलं. आजोबा चांगले धडधाकट होते. ते स्वतःच पत्रिका घेऊन छापखान्यात आले आणि मालकासमोर काठी आपटून म्हणाले, ‘‘मी आहो ना अजून?’’

मालक भला माणूस होता. त्यानं बाबांना सांगितलं, पंधरा दिवस घरी राहा, झोप काढा, आणि तशी नसेल येत तर मग येऊ नका. बाबांनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं आणि हात धुवायला गेले.

तेव्हा माझी आत्या मौद्याहून आमच्याकडे राहायला आलेली होती. बाबांची मोठी बहीण. तिला झोपेची अडचण कधीच नव्हती. ती बसल्या बसल्या, बोलता बोलता, तांदूळ निवडता निवडता झोपायची.

पंधरा दिवसांतला पहिला रविवार. जेवणं झाली होती. बाबा बाहेर खाटेवर पडले होते. मी आणि आत्या मागच्या ओसरीवर सूप घेऊन बसलो होतो. मधल्या स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. आणि तिथून आवाज आला. घर्र... घर्र... घर्र. दगडावर काहीतरी गोल फिरत होतं.

माझे हात सुपातच राहिले. आत्यानं चक्क डोळे उघडले.

‘‘ऐकलं का वं?’’

‘‘हो.’’

‘‘कोन होय?’’

‘‘मले काय माहीत? जाऊन पाह्य ना तू.’’

‘‘मी काहून? तुही माय होय ते. तू जाय.’’

‘‘तुही भावजय होय. तूच मोठी आहेस.’’

अशी आमची शौर्याची देवाणघेवाण चालू असतानाच आवाज थांबला. मग मी सूप ढालीसारखं छातीशी धरून आत गेले, माझ्यामागे माझा पदर धरून आत्या. आत कोणी नव्हतं. चुलीशेजारी सहाण होती. ती ओली होती. जायफळाचा वास मात्र कुठेच नव्हता. आम्ही बाहेरच्या खोलीत डोकावलो, तर बाबा भिंतीकडे तोंड करून निजलेले.

मी शाळेत विज्ञान शिकले होते, भूतबीत मानत नव्हते. तरी त्या दिवशीपासून मी स्वयंपाकघरात जाताना दारात खाकरून आत जायला लागले. आईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

आत्याचं निदान पक्कं होतं. ‘‘दसरा झाला. डबा उघडला का तू? नाई ना? मंग! तिचा जीव त्या कॉफीत अडकून राहिला. बिचारी थे उगाळून राहिली अन् पातेलं रिकामं.’’

‘‘अन् बाबांची झोप?’’

‘‘त्याची झोपही त्यातच होय. दोघायचं एका कपात होऊन जाईन.’’

हे मला पटलं, ही माझ्या विज्ञानाची पातळी. दुसऱ्या रविवारी मी डबा उघडला. नवी पूड, वेलची, सुंठ, सगळं आठवून आठवून केलं. जायफळापाशी अडले. आईचं जायफळ डब्यात तसंच होतं, एका अंगानं तिरपं झिजलेलं. ते हातात घेतलं आणि बोट आपोआप त्या तिरपेपणावर बसलं. तिचं बोट तिथेच बसत असणार. पाच वेढे घातले. वाटलं, बाबांची झोप सहा महिन्यांची थकलेली, पाचानं काय होणार? मग मी मोजणं सोडलं. सहाणेवरचं पाणी दाट, मातकट होईपर्यंत उगाळत राहिले.

चार कप भरले. एक बाबांना. एक आत्याला. एक मला. एक आईच्या जागी, चुलीसमोरच्या पाटाशी. बाबांनी कप घेतला, वास घेतला आणि ते सगळी कॉफी प्यायले. आम्ही ओसरीवर येऊन बसलो. चौथा कप थंड व्हायला लागला, तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘तिनं वास घेतला. आता वाया काहून जाऊ द्याची?’’ आणि तोही प्यायली.

त्यानंतरचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं. जीभ चामड्याची झाली होती. अंगावर आईचं जुनं लुगडं पांघरलेलं होतं, आणि आत्याच्या अंगावर बाबांचं धोतर. ती सुपात डोकं ठेवून झोपली होती, गालावर तांदूळ चिकटले होते. देवाजवळ दिवा लागला होता. बाबा उंबऱ्यात बसले होते, जागे, टक्क जागे.

‘‘कवा उठले तुम्ही?’’ मी विचारलं.

‘‘झोपलोच कवा?’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही दोघी हलत नव्हत्या. तीनदा नाकापाशी हात धरून पाह्यला मी. घरात अजून एक... म्हटलं, असं नको व्हायले.’’

मला तेव्हा जी लाज वाटली ती अजून पुरते आहे. बापाला झोपवायला निघाले आणि त्याला सहा महिन्यांत दुसऱ्यांदा नाकापाशी हात धरायला लावला.

पंधरा दिवस संपायला आले होते. सोमवारी छापखान्यात जायचं की नाही, ते ठरायचं होतं. आत्या तिसऱ्या रविवारी दुपारी देवळात गेली. मी ओसरीवर एकटी, आणि पुन्हा आवाज आला. घर्र... घर्र. या वेळी ढकलायला कोणी नव्हतं, म्हणून मीच गेले. खाकरले मात्र नाही.

पाटावर बाबा बसले होते. सहाणेवर जायफळ नव्हतं, चंदनाचं खोड होतं, तेही उलट्या बाजूनं धरलेलं, नुसतं पाण्यात फिरत होतं. मला पाहून त्यांनी हात थांबवला, चोरी सापडावी तसा.

‘‘काय करून राहिले बाबा?’’

त्यांनी सहाणेवरचं पाणी बोटानं निपटलं. मग म्हणाले, ‘‘मले कॉफीनं नाई येत वं झोप. कधीच नव्हती येत. थे उगाळत बसे, मी तिकडं पडून आवाज ऐको. तेवढ्यात डोळा लागे. कॉफी प्याले तर थे मले उठवे, मंग अर्ध्या झोपेत पिऊन मी पुन्हा पडो.’’

‘‘मग आता?’’

‘‘आपलाच हात आहे ना. तो फिरते, मी जागाच.’’

मी त्यांच्या हातातलं खोड घेतलं. ‘‘जा, पडा तिकडं,’’ म्हटलं. ते लहान पोरासारखे उठून गेले.

मी आधी रीतसर कॉफी केली. झाकण ठेवलं. मग पाटावर बसले आणि उगाळायला लागले. जायफळ घेतलंच नाही, ते खोडच फिरवलं. भुताचं काम बाहेरून सोपं दिसतं, पण दहा मिनिटांत खांदा भरून येतो. हात जोरात फिरवला की आवाज करवतीसारखा व्हायचा. हळू केला की तुटायचा. मग आपोआप एक चाल सापडली. ती सापडली तेव्हा माझ्या मानेवर काटा आला, कारण ती माझी नव्हती.

बाहेर खाट कुरकुरली. श्वास लांब झाला. मी थांबले. थांबायला नको होतं.

‘‘तू घेतली का वं?’’ बाबांचा आवाज आला. झोपेतला, जड, मऊ.

मला त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मुलगी जेवली का, प्याली का, हे आमच्या घरी आई पाहायची. बाबा पाहायचे ते फक्त आईचं. काय करावं, कळेना. गप्प राहावं तर ते उठतील. ‘बाबा, मी आहे’ म्हणावं तर ते नक्कीच उठतील, आणि मग पुन्हा कधी झोपणार नाहीत.

‘‘घेते,’’ मी म्हणाले. एकच शब्द, आणि तोही आईसारखा अर्धवट तोडलेला.

ते सोमवारी सकाळीच उठले. दाढी केली आणि छापखान्यात गेले. संध्याकाळी जेवताना त्यांनी भात दुसऱ्यांदा मागितला.

आत्याला मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ जागी राहिली, तिच्या मानानं बराच. मग म्हणाली, ‘‘उगाळाचं ठीक होतं. तू बोलली काहून? आता दर खेपी बोला लागन.’’

बोलावं लागलं. माझं लग्न होईपर्यंत, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे सगळे रविवार. उत्तर मी देते हे बाबांना ठाऊक होतं की नाही, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी दिवसाउजेडी कधी विषय काढला नाही. मी ‘घेते’ म्हणायची. आणि मग बाबांचा श्वास लांबला की पाटावर बसून माझ्यासाठी ओतून ठेवलेला, गार झालेला कप खरोखरच प्यायची, साय बाजूला सारून. त्यांच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.